सह्याद्रीतील बेडूक आणि देवगांडूळ कसे ओळखावेत

उभयचर प्राण्याची जाती विचारणारे बहुतेक जण त्याच्या पाठीचे छायाचित्र पुढे करतात. प्रत्यक्षात ओळखीच्या कामी पाठीचा रंग हा सर्वांत बेभरवशाचा पुरावा असतो. बेडकाच्या त्वचेत रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात आणि त्यांतील रंगकण पसरले किंवा आकसले की तोच प्राणी उजेड, तापमान आणि ओलावा यांप्रमाणे गडद अथवा फिकट दिसू लागतो. शिवाय एकाच जातीत आणि एकाच डबक्यात पाठीवर मधोमध ठळक रेघ असलेले बेडूक आणि रेघेचा मागमूसही नसलेले बेडूक शेजारीशेजारी बसलेले असतात. त्यामुळे रंगावरून सुरुवात केली, तर दोन जाती एक वाटतात आणि एका जातीच्या तीन होतात.

या लेखात रंगाला शेवटचे स्थान दिले आहे. आधी गण ठरवावा, मग कुल, त्यानंतर प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), आणि हाती पुरेसा पुरावा असेल तरच जाती. गण आणि कुल ठरवणारी बहुतेक लक्षणे, म्हणजे बोटांची टोके, डोळ्याची बाहुली, तोंडाची रुंदी, अंडी घालण्याची रीत, ही प्राण्याच्या जगण्याशी थेट बांधलेली असतात. त्यामुळे या क्रमाने चालणाऱ्याला नावाबरोबर तो प्राणी जगतो कसा हेही कळत जाते. येथे दिलेली उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातील सह्याद्री, कोकण आणि घाटमाथा यांतील आहेत.

तीन गण, त्यांपैकी आपल्याकडे दोन

उभयचर वर्गात आज आठ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांची विभागणी तीन गणांत होते. अन्यूरा गणात शेपटी नसलेले बेडूक आणि भेक (इंग्रजीत टोड) येतात. जगातील दर दहा उभयचर जातींपैकी जवळजवळ नऊ याच गणातील आहेत. कॉडेटा गणात शेपटी आणि चार पाय असलेले सॅलॅमँडर आणि न्यूट येतात. जिम्नोफायोना गणात पाय नसलेले, जमिनीत राहणारे देवगांडूळ येतात आणि त्यांच्या जाती दोनशेहून थोड्या अधिक आहेत.

भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत; परंतु शेपटीवाला गण पूर्व हिमालय आणि ईशान्येकडील डोंगरांपुरताच मर्यादित आहे. दार्जिलिंगच्या परिसरातील न्यूट पूर्वी दुसऱ्याच जातीत गणला जात असे. २०१५ मध्ये त्याला टायलोटोट्रिटॉन हिमालयानस अशी स्वतंत्र ओळख मिळाली. सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर किंवा पालापाचोळ्यात चार पायांचा, शेपटीवाला प्राणी दिसला, तर तो पाल, सापसुरळी किंवा नुकताच पाण्याबाहेर आलेला, शेपटी अजून पूर्ण न जिरलेला लहान बेडूक असतो. अंगावर खवले आणि बोटांना नखे दिसली की तो सरपटणारा प्राणी समजावा, कारण आपल्याकडच्या उभयचरांच्या बोटांना नखे नसतात.

म्हणून पहिला प्रश्न सोपा आहे: पाय आहेत की नाहीत? पाय असतील तर बेडूक, नसतील तर कदाचित देवगांडूळ. हा ‘कदाचित’ महत्त्वाचा आहे आणि त्याकडे पुढे येऊ.

त्वचा आणि हाताळणी

ओळखीची कोणतीही खटपट करण्यापूर्वी उभयचरांची त्वचा समजून घ्यावी, कारण निरीक्षणाचे सारे नियम तिच्यापासूनच निघतात. या त्वचेवर केस नसतात आणि बेडकांच्या बाबतीत खवलेही नसतात. तिच्यात दोन प्रकारच्या ग्रंथी असतात: काही ग्रंथी श्लेष्मा स्रवून त्वचा ओली ठेवतात, तर काही कडवट किंवा विषारी द्रव्ये तयार करतात. ओल्या त्वचेतून प्राणवायू थेट रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बेडकाला फुप्फुसे असतात; परंतु छातीचा पिंजरा आणि श्वासपटल नसल्यामुळे तो घशाचा तळ खालीवर करून हवा आत ढकलतो, आणि त्याच्या गळ्याची सतत चाललेली थरथर आपल्याला दिसते ती याचीच. पाणीदेखील तो तोंडाने पीत नाही. पोटाच्या मागच्या भागातील आणि मांड्यांजवळच्या पातळ त्वचेतून ते शोषून घेतो.

जी त्वचा हवा आणि पाणी आत घेते, ती आपल्या हातावरचे डास-प्रतिबंधक मलम, साबणाचा अंश आणि तंबाखूही आत घेते. म्हणून बेडूक हाताळायचाच असेल, तर हात त्याच ओढ्याच्या स्वच्छ पाण्याने ओले करावेत आणि प्राणी काही क्षणांपेक्षा अधिक काळ हातात ठेवू नये. माझे स्पष्ट मत असे आहे की हौशी निरीक्षकाला प्राणी पकडण्याची गरज क्वचितच पडते. चांगला प्रकाश, संयम आणि योग्य कोनातून घेतलेली छायाचित्रे यांवर कुल आणि प्रजाती बहुतेक वेळा निश्चित होतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात जाण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि वन्यप्राणी पकडणे हा कायद्याचा प्रश्न आहे, हेही लक्षात ठेवावे.

पादत्राणांची स्वच्छता हा भाग आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस या बुरशीने जगातील अनेक उभयचर जाती संपवल्या आहेत. तिचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही बुरशी त्वचेतील केराटिनयुक्त (नखांत असते त्या कठीण द्रव्याच्या) थरावर वाढते, त्यामुळे शरीरातील क्षारांचा समतोल बिघडतो आणि अखेर हृदय थांबते. तिचे बीजाणू पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरतात. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना गमबूट घासून चिखल काढावा, ते निर्जंतुक करावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. एका डबक्यातील टॅडपोल दुसऱ्या डबक्यात सोडणे तर कटाक्षाने टाळावे, मग हेतू कितीही चांगला असो.

रात्री बाहेर पडताना दोघे तरी असावेत. डोक्यावर बांधण्याचा टॉर्च असला की दोन्ही हात मोकळे राहतात. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, फुरसे आणि शेताच्या बांधांवर घोणस असते. बेडूक शोधणारा माणूस नेमका त्याच वेळी आणि त्याच जागी हात घालतो, म्हणून दगड उचलताना काठी वापरावी आणि उचललेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा.

प्रत्येक प्राण्याची किमान चार छायाचित्रे घ्यावीत: वरून संपूर्ण शरीर, बाजूने डोके, ज्यात डोळ्याची बाहुली आणि डोळ्यामागचे कर्णपटल स्पष्ट दिसेल, पुढच्या पायाची बोटे, आणि मागच्या पायाची बोटे व त्यांमधील पडदा. काचेवर किंवा पारदर्शक डब्याच्या भिंतीवर तो आपणहून बसला असेल, तर पोटाचेही छायाचित्र मिळते. लांबी नेहमी तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत मोजतात, पाय त्यात धरत नाहीत. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतले तरी अंदाज पुरेसा येतो.

पाय नसलेला प्राणी दिसला तर

देवगांडूळ हे सह्याद्रीतील सर्वांत उपेक्षित पृष्ठवंशीय प्राण्यांपैकी एक आहेत आणि त्यांची गफलत तीन प्राण्यांशी होते. गांडुळाला जबडा नसतो आणि प्रौढ गांडुळाच्या शरीरावर एका ठिकाणी जाडसर पट्टा असतो. देवगांडुळाला खरे तोंड, जबडे आणि दात असतात. वाळा हा आंधळा साप चकचकीत खवल्यांचा असतो, त्याच्या शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो आणि तो जीभ आतबाहेर करतो. खापरखवल्याच्या अंगावरही खवले स्पष्ट दिसतात आणि त्याची शेपटी तिरकी छाटल्यासारखी किंवा खरखरीत असते. देवगांडुळाची त्वचा मात्र ओलसर आणि बुळबुळीत असते आणि तिच्यावर ओळीने वलये असतात. शंका उरली तर डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली जागा भिंगातून किंवा छायाचित्र मोठे करून पाहावी. तेथे एक बारीक छिद्र आणि त्यातून बाहेर येणारा आखूड स्पर्शक असतो. असा स्पर्शक पृष्ठवंशीय प्राण्यांत दुसऱ्या कोणालाही नाही, त्यामुळे तो दिसला की गण निश्चित झाला.

यापुढची पायरी डोळ्यांची. इक्थिओफिस या प्रजातीत डोळे त्वचेखाली असूनही ठिपक्यांसारखे दिसतात, शरीर तुलनेने मोठे असते आणि गुदद्वारापलीकडे अगदी आखूड का होईना, खरी शेपटी असते. गेगेनिओफिस या प्रजातीत डोळे हाडाखाली झाकलेले असतात आणि शेपटी नसते. इंडोटिफ्लस ही प्रजाती तर महाराष्ट्राच्या सह्याद्रीची खास ओळख आहे: १९६० मध्ये एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याहून इंडोटिफ्लस बॅटर्सबायी या जातीचे वर्णन केले आणि २००४ मध्ये कोयना परिसरातील हुंबरळी येथून इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस ही दुसरी जाती जगासमोर आली. त्याआधीच्या वर्षी, २००३ मध्ये, आंबोलीहून गेगेनिओफिस डॅनिएली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दोर्ले गावाहून गेगेनिओफिस शेषाचारी या जातींची वर्णने प्रसिद्ध झाली होती. जातीपर्यंतची ओळख वलयांच्या मोजणीवर आणि दातांच्या रचनेवर ठरते. ते प्रयोगशाळेतील काम आहे. शेतात प्रजातीपर्यंत पोहोचणे हेच मोठे यश मानावे.

देवगांडुळांच्या प्रजननाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्यात बेडकांहून मूलभूत फरक आहे. बहुतेक बेडकांत अंडी शरीराबाहेर फलित होतात. सर्व देवगांडुळांत नराला समागमासाठी अवयव असतो आणि फलन मादीच्या शरीरातच होते. इक्थिओफिसची मादी ओल्या मातीतील पोकळीत अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि अंड्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे अपक्व पिल्ले, पाण्यात उतरतात. याउलट कोकणातील गेगेनिओफिस शेषाचारी थेट पिल्लांना जन्म देतो. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले, तेव्हा जिवंत पिल्ले देणारा आशियातील तो पहिला ज्ञात देवगांडूळ ठरला. रत्नागिरीच्या मातीत सापडलेल्या प्राण्याने एका संपूर्ण खंडाच्या देवगांडुळांविषयीची समजूत बदलली, ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवली जावी असे मला मनापासून वाटते.

देवगांडूळ पावसाळ्यात शेणखताच्या खड्ड्याजवळ, सुपारीच्या बागांतील ओल्या पाल्याखाली, ओढ्याकाठच्या दगडांखाली आणि नांगरणीच्या वेळी आढळतात. ते गांडुळे आणि वाळवी खातात, चावून इजा करत नाहीत आणि सापासारखे विषारी दातही त्यांना नसतात. तरीही साप समजून ते मारले जातात. शेतकऱ्याला वरचे तीन फरक समजावून सांगणे हे निरीक्षणाइतकेच मोलाचे काम आहे.

बेडकांची कुले: बोटांपासून सुरुवात

बेडूक दिसला की प्रथम त्याच्या बोटांची टोके पाहावीत. टोके रुंद होऊन गोल चकतीसारखी झाली असतील, तर तो चढणारा प्राणी आहे. वृक्षमंडूकांच्या रॅकोफोरिडे कुलात ही चकती ठळक असते आणि शेवटच्या दोन हाडांमध्ये एक जादा तुकडा असतो, ज्यामुळे बोट वळवून पृष्ठभागाला घट्ट चिकटवता येते. पावसाळ्यात कोकणातील न्हाणीघरात येणारा तपकिरी बेडूक पॉलिपिडेट्स मॅक्युलेटस हा याच कुलातील आहे. त्याच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतात. घनदाट जंगलातील हिरवागार रॅकोफोरस मलबारिकस तांबूस-नारिंगी पडद्यांचे पाय पसरून झाडावरून तरंगत उतरतो. झुडपांवर बसणारे, दोन-तीन सेंटिमीटरचे राओर्केस्टिस आणि स्यूडोफिलॉटस हेही याच कुलातले. राओर्केस्टिस घाटेई ही २०१३ मध्ये वर्णिलेली जाती पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्या नावाने ओळखली जाते.

मात्र चकती दिसली म्हणून वृक्षमंडूक असे लगेच लिहू नये. ओढ्यातील ओल्या खडकांना धरून बसणाऱ्या बेडकांतही चकत्या असतात. अशा वेळी डोळ्याची बाहुली पाहावी. वृक्षमंडूकांत ती आडवी असते. निक्टिबॅट्राकस या प्रजातीत ती चौकोनी हिऱ्याच्या आकाराची असते, त्वचा सुरकुतलेली असते आणि कर्णपटल नीट दिसत नाही. लोणावळ्यापासून कोयनेपर्यंतच्या ओढ्यांतील निक्टिबॅट्राकस हुमायुनी १९५५ मध्ये वर्णिला गेला आणि त्याचे नाव पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून ठेवले आहे. खडकांच्या भेगांत आणि पाल्यात राहून लांब उड्या मारणारी इंडिराना ही प्रजाती रॅनिक्सालिडे कुलातील आहे. हे संपूर्ण कुल केवळ भारताच्या द्वीपकल्पात आढळते. त्यातील इंडिराना चिरवासी आंबोलीहून २०१४ मध्ये वर्णिला गेला.

बोटे साधी, निमुळती असतील तर मागच्या पायाकडे वळावे. बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचणारा भरगच्च पडदा आणि डोक्याच्या वरच्या बाजूला असलेले डोळे ही यूफ्लिक्टिसची लक्षणे. चाहूल लागताच तो पाण्याच्या पृष्ठभागावरून टपटप उड्या मारत दूर जातो. पडदा अर्धवट, अंग मध्यम आणि पोटाच्या दोन्ही कडांना समांतर गडद रेषा असतील तर ती भातखाचरातील मिनर्व्हार्या. पाठीवर लांबट घड्या असलेला आणि वाढून सुमारे १७ सेंटिमीटरपर्यंत पोहोचणारा हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस सर्वांना परिचित आहे. पहिल्या मुसळधार पावसानंतर त्याचे नर पिवळेधमक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या आवाजाच्या पिशव्या निळ्या दिसतात. तंगड्यांच्या निर्यातीसाठी याच बेडकाची अफाट पकड होत असे. १९८७ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. हे तिन्ही प्रकार डायक्रोग्लॉसिडे या एकाच कुलातील आहेत.

टाचेजवळ फावड्यासारखा कडक उंचवटा दिसला, तर बेडूक उलट्या दिशेने माती उकरून आत जाणारा आहे. पण येथे नवखा निरीक्षक हमखास अडतो, कारण हे अवजार दोन वेगवेगळ्या कुलांत स्वतंत्रपणे विकसित झाले आहे. स्फेरोथिका ही प्रजाती डायक्रोग्लॉसिडे कुलातली आहे, तिचे तोंड रुंद आणि कर्णपटल दिसणारे असते. २०१७ मध्ये पुणे जिल्ह्यातून स्फेरोथिका पश्चिमा ही जाती वर्णिली गेली. युपेरोडॉन ही प्रजाती मायक्रोहायलिडे कुलातील असून तिचे शरीर फुगीर, तोंड लहान आणि कर्णपटल झाकलेले असते, कारण तिचा आहार मुंग्या आणि वाळवी हा आहे. तात्पर्य, एकाच अवयवावर कुल ठरवू नये. डोके आणि पाय यांची साक्ष जुळली पाहिजे.

भेकांचे ब्यूफोनिडे कुल ओळखायला सर्वांत सोपे. कोरडी, चामखिळींनी भरलेली त्वचा आणि डोळ्यामागे उंच उठलेल्या विषग्रंथी असतात, दात मात्र नसतात. घराच्या दिव्याखाली किडे खाणारा डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस याच्या डोक्यावर काळे कंगोरे असतात. त्याच्या विषग्रंथींतील स्राव हृदयावर परिणाम करणारा असल्याने हाताळल्यानंतर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत. याच कुलातील झँथोफ्रायने ही प्रजाती जगात केवळ सह्याद्रीत आढळते: १९६३ मध्ये कोयनेहून वर्णिलेला झँथोफ्रायने कोयनाएन्सिस आणि २००९ मध्ये आंबोलीहून वर्णिलेला झँथोफ्रायने टायगरिना. आंबोलीच्या भेकाच्या अंगाच्या कडांवर पिवळे पट्टे असतात, तो सड्यावरील उथळ, काही दिवसांत आटणाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तो अतिशय संकटग्रस्त श्रेणीत आहे. अशा सड्यावर पाऊल टाकण्यापूर्वी डबक्यांचे तळ पाहावेत आणि वाहन तर सड्यावर नेऊच नये.

अंडी आणि टॅडपोल

प्रौढ बेडूक दिसला नाही तरी तो कोण होता हे त्याच्या अंड्यांवरून पुष्कळदा कळते, आणि मला ओळखीचा हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो. पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेली, काळ्या मण्यांच्या माळेसारखी लांब जेलीची दोरी म्हणजे भेकाची अंडी. पाण्याच्या पृष्ठभागावर एकेरी थरात पसरलेला पारदर्शक पापुद्रा मायक्रोहायलिडे कुलातील मायक्रोहायला या प्रजातीचा असतो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर किंवा डबक्यावर झुकलेल्या पानाला चिकटलेला पांढरा फेस हे पॉलिपिडेट्स किंवा रॅकोफोरस यांचे घरटे. अंडी घालताना सोडलेला द्रव पायांनी घुसळून हा फेस तयार केला जातो; बाहेरचा थर सुकतो, आतला ओला राहतो आणि जोराचा पाऊस आला की टॅडपोल खालच्या पाण्यात पडतात. म्हणूनच घरटे पाण्याच्या बरोबर वर असते. घरटे तोडून ‘सुरक्षित’ जागी हलवू नये.

ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा खडकावर मोजकीच पारदर्शक अंडी दिसली, तर निक्टिबॅट्राकसचा विचार करावा. निक्टिबॅट्राकस हुमायुनीची प्रजननाची रीत २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती बेडकांच्या जगात आगळी ठरली. बहुतेक बेडकांत नर मादीला काखेत किंवा कमरेपाशी घट्ट धरतो. येथे नर तिला न धरता तिच्या पाठीवर बसतो, हात पानावर टेकवतो, तिच्या पाठीवर शुक्र सोडतो आणि अंडी घातली जाण्यापूर्वीच निघून जातो. शुक्र तिच्या अंगावरून ओघळून अंड्यांपर्यंत पोहोचते. या जातीत मादीदेखील आवाज काढते.

राओर्केस्टिसच्या बाबतीत टॅडपोल शोधणे व्यर्थ आहे. त्याचा संपूर्ण विकास जमिनीवर किंवा पानावर घातलेल्या अंड्याच्या आतच होतो आणि बाहेर येतो तो अगदी लहान, पण पूर्ण बेडूक. उघड्या पाण्याची गरज नसल्यामुळे हे बेडूक ओढ्यापासून दूर राहू शकतात. परंतु हवेतील ओलावा आणि झाडांची सावली नाहीशी झाली की त्यांचे प्रजननच थांबते.

टॅडपोल पाहताना तोंडापासून सुरुवात करावी. बहुतेक टॅडपोलांच्या तोंडाला केराटिनची चोच आणि बारीक दंतिकांच्या ओळी असतात, ज्यांनी ते शेवाळ खरवडतात. मायक्रोहायलाचे टॅडपोल जवळजवळ पारदर्शक असतात, त्यांच्या तोंडात चोच नसते आणि ते पाण्याच्या मधल्या थरात स्थिर राहून अन्नकण गाळून घेतात. हॉप्लोबॅट्राकस टायगरिनसचे टॅडपोल मांसभक्षक असतात आणि इतर टॅडपोल खातात. भेकाचे टॅडपोल काळे असून थव्याने फिरतात. पण गोव्याच्या जंगलांतील क्लिनोटार्सस कर्टिपेस या बेडकाचेही टॅडपोल काळे आणि थव्यानेच फिरणारे असतात, मात्र आकाराने बरेच मोठे. ओल्या खडकावर पाण्याच्या पातळ थरात चिकटलेला, लांब शेपटीचा आणि छेडल्यास उडी मारणारा टॅडपोल दिसला, तर तो इंडिरानाचा समजावा.

वय लिहिताना ‘लहान’, ‘मोठा’ असे शब्द वापरू नयेत. केनेथ गॉस्नर यांनी १९६० मध्ये फलनापासून रूपांतरणाच्या शेवटापर्यंत ४६ अवस्थांची तक्ती दिली आणि आजही अभ्यासक तीच वापरतात. सुरुवातीला दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे: मागच्या पायांचे अंकुर २६ व्या अवस्थेत दिसू लागतात आणि पुढचे पाय ४२ व्या अवस्थेत बाहेर येतात. त्यानंतर अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या संप्रेरकामुळे काही दिवसांत शरीर आतून बदलते. लांब गुंडाळलेले आतडे आखूड होते, चोच गळून तोंड रुंदावते, कल्ले नाहीसे होतात, शेपटी शरीरात जिरते आणि नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य अमोनियाऐवजी युरियाच्या रूपात बाहेर पडू लागते. या काळात प्राण्याला नीट पोहताही येत नाही आणि उडीही मारता येत नाही, म्हणून डबक्याच्या काठावर चालताना विशेष काळजी घ्यावी.

आवाज

आवाज मुख्यतः नर काढतात आणि प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असतो, कारण मादी त्यावरूनच आपल्या जातीचा नर ओळखते. दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या मिनर्व्हार्या आणि राओर्केस्टिस यांच्या जातींत आवाज हा शरीरापेक्षा भक्कम पुरावा ठरतो. मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे, शक्यतो एकट्या नराच्या जवळून, आणि त्याबरोबर हवेचे तापमान लिहावे. तापमान वाढले की आवाजाची गती वाढते, त्यामुळे तापमानाशिवाय केलेल्या मुद्रणाची तुलना करता येत नाही. मुद्रित आवाज पुन्हा वाजवून नरांना उचकवू नये.

नाव आणि नोंद

जुनी यादी चाळताना नावे जुळली नाहीत, तर गोंधळून जाऊ नये. आपला भेक अनेक दशके ब्यूफो मेलॅनोस्टिक्टस होता, २००६ नंतर तो डट्टाफ्रायनस प्रजातीत गेला. भातखाचरातील लहान बेडूक जुन्या याद्यांत राना लिम्नोकॅरिस या एकाच नावाखाली लिहिलेले आढळतात; त्या जाती पुढे फेजरव्हार्या प्रजातीत गेल्या आणि २०१८ पासून भारतीय जाती मिनर्व्हार्यात ठेवल्या जातात. जनुकीय पुराव्याने नाती नव्याने कळली की नावे त्यानुसार हलतात. म्हणून नोंदीत नावाबरोबर ते कोणत्या लक्षणांवरून दिले हेही लिहावे. नाव उद्या बदलले तरी लक्षणे बदलत नाहीत आणि दुसरा अभ्यासक त्यांवरून ओळख तपासू शकतो.

एका चांगल्या नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, पाऊस पडत होता की नाही, प्राणी नेमका कशावर बसला होता आणि जमिनीपासून किती उंचीवर होता, लांबी, आवाज आणि सोबतची छायाचित्रे एवढे असावे. ही नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकता येते. आंबोलीच्या भेकासारख्या दुर्मीळ जातींचे अचूक अक्षांश-रेखांश मात्र सार्वजनिक करू नयेत, कारण ती माहिती प्राणी गोळा करणाऱ्यांच्याही हाती पडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यमापनानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, म्हणजे पृष्ठवंशीयांच्या वर्गांत सर्वाधिक. त्यामुळे सामान्य बेडकाची काटेकोर नोंदही पुढे तुलनेसाठी लागणार आहे. जातीची खात्री नसेल तेथे थांबावे आणि उदाहरणार्थ असे लिहावे: ‘मिनर्व्हार्या, जाती अनिश्चित; भातखाचराचा बांध, रात्री ८.३०, हलका पाऊस. पोटाच्या कडांना समांतर रेषा, पडदा अर्धवट, पाठीवर मधली रेघ नाही. आवाज मुद्रित, तापमान २३ अंश.’